पुढची तारीख

बोरिवली
४ नोव्हेंबर २०२४

सर्वेश,

मेल बघून चक्रावू नकोस. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण बाबा हल्ली माझा फोन हातात घेऊन बसतात. म्हणून पतपेढीतल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय, तेही मॅनेजर जेवायला गेलाय म्हणून. वाचलंस की फोन करू नकोस, इथेच उत्तर दे.

काल भाऊबीज. गणपतीत आई गेली, त्यामुळे यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हतीच. चारच्या चहाचं आदण ठेवलं आणि बाबांचा फोन वाजला. तू केलेल्या त्या 'निरोप' ॲपची घंटा. देवळातली घंटा हवी म्हणून आईने तुझ्याकडून हट्टाने टाकून घेतली होती, आठवतं? ती गेल्यापासून ती घंटा वाजली नव्हती. वाजणार कशी, तुझं ॲप वापरणारी माणसं दोनच, आई आणि बाबा. बाकी आम्ही सगळ्यांनी तुझ्या शब्दाखातर खाती उघडली आणि विसरून गेलो. राग मानू नकोस.

बाबांनी फोन बघितला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "साखर वायच कमी घाल." कोणाचं होतं विचारलं तर म्हणे, "कोणाचा नाय."

ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांचा फोन उघडला. आईच्या नावाने निरोप होता. "जेवलात काय? आमटी फ्रीजमध्ये आसा, गरम करून घेवा." त्याखाली बाबांनी लिहिलेलं, "जेवलो. तू?"

आईचा फोन मी तेराव्यानंतर बंद करून तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवलाय. कपाटाची चावी माझ्याकडे असते. आज सकाळी उघडून बघितलं. फोन बंदच आहे, बॅटरी पण मेलीय.

बनवलंस तू, तर सांग पण तूच. कोणी मस्करी करत असेल तर त्याला मी सोडणार नाही. पण खोटं कशाला बोलू, काल रात्री बाबांनी कितीतरी दिवसांनी भाकरी मागून घेतली.

श्वेता


मुलुंड
५ नोव्हेंबर २०२४

श्वेता,

पहिली गोष्ट, घाबरू नकोस. दुसरी, राग मानला आहे. एवढं राबून केलेलं ॲप, आणि गिऱ्हाईक कोण, तर मालनमावशी आणि बाळाकाका.

हे असं होऊ शकतं. कसं ते सांगतो. नेहमीच्या ॲपमध्ये सगळ्यांचं लिखाण एका कंपनीच्या मशीनवर जमा होतं. मी जावास्क्रिप्टमधला जो डेटाबेस शिकत होतो त्याला असा मालकच नाही. लिखाण प्रत्येकाच्या फोनमध्ये राहतं आणि फोन एकमेकांना सांगत सुटतात, नळावर बातमी फिरते तसं. तुमच्या माळ्यावर माझा जुना लॅपटॉप चालू ठेवलाय ना, तो त्यातला सगळ्यात बोलका. सगळ्यांचं ऐकून ठेवतो.

आता खात्यांचं. या डेटाबेसमध्ये नाव कोणाच्या बापाचं नसतं. 'मालन' नावाने मी, तू, तुमच्या खालच्या मजल्यावरचा केतन, कोणीही खातं उघडू शकतो. खरी ओळख असते ती नावाखालची अक्षरांची लांबलचक ओळ. खातं उघडताना ती तयार होते, तिची एक गुप्त जोडीदार किल्ली असते, आणि प्रत्येक निरोपावर त्या किल्लीची सही पडते. माझी पैज आहे, तुमच्याकडे दुसरी 'मालन' आली आहे. गेल्या वर्षी मी शहाणपणा करत केतनला हे ॲप दाखवलं होतं.

काकांच्या फोनमध्ये मावशीच्या नावावर बोट दाबून धर. ओळ दिसेल. तिची शेवटची काही अक्षरं मला पाठव. माझ्याकडे मावशीची मूळ ओळ आहे, कारण माझ्या ॲपचं पहिलं खातं तिचंच. ओट्यापाशी उभी राहून तिने पासवर्ड टाकला होता, फोन भिंतीकडे वळवून. मी म्हटलं, "मावशे, विसरलीस तर मला पण उघडता येणार नाही हां, इथे 'पासवर्ड विसरलात' असं बटणच नसतं." तर म्हणाली, "मी इसरूचंय नाय. तू आपला बघ."

सर्वेश


बोरिवली
१२ नोव्हेंबर २०२४

सर्वेश,

अक्षरं खाली लिहिली आहेत. केतनच्या घरी जाऊन मी त्याचा कान पण पिळून आले. तो दिवाळीभर गावाला होता, ते नंतर कळलं. आता त्याची आई माझ्याशी बोलत नाही.

काल परत घंटा झाली. परत चहाच्या वेळेला. मी चहा गाळत होते, हात भाजला. या वेळी बाबांनी लपवलं नाही, फोनच माझ्यासमोर धरला.

"पांढऱ्या गोळ्यांच्या नादाक लागू नकात. त्या सोडून देवा."

बस, एवढंच. बाबा हसले नाहीत, रडले नाहीत. उठले, औषधांच्या डब्यातून पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं काढली आणि कचऱ्यात टाकली. ती हृदयाची गोळी आहे, सर्वेश. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय, बाकी काही चुकलं तर चालेल, पांढरी चुकता कामा नये.

मी पाकिटं कचऱ्यातून काढून आणली. भांडले, रडले, शेजारच्या नलिनीकाकूंना बोलावलं. बाबांचं एकच, "तुझी आवस माका खोटा सांगात?"

मला भीती बाबांची वाटते की आईची, तेच कळत नाही. ती जिवंत असताना बाबांच्या गोळ्या तीच हातावर ठेवायची, पाणी घेऊन समोर उभी राहायची. ती असं का लिहील?

श्वेता


मुलुंड
१३ नोव्हेंबर २०२४

श्वेता,

अक्षरं जुळली.

मी परत परत तपासलं. सही पण तिचीच आहे. दुसरी 'मालन' कोणी नाही. हे निरोप मावशीच्याच खात्यातून निघाले आहेत, आणि त्या खात्याचा पासवर्ड मावशीशिवाय कोणाकडे नव्हता. काल ऑफिसात भर दुपारी, आजूबाजूला माणसं असताना, माझ्या अंगावर काटा आला. तुला धीर द्यायला हवा, पण खोटा कुठून आणू?

तू विचारशील म्हणून आधीच सांगतो. मला हे पुसता येत नाही. तिचं लिखाण फक्त तिचं खातं पुसू शकतं. लॅपटॉप बंद केलास तरी फरक पडणार नाही, तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये प्रती आहेत. मालक नसलेली वस्तू बनवायची मला हौस होती ना, आता तक्रार कोणाकडे करायची ते कळत नाही.

एक काम कर. काकांना बाकी काही समजावत बसू नकोस, गोळी तेवढी कशी पोटात जाईल ते बघ. आणि मला सांग, मावशी फोनवर काय काय करायची? अगदी फालतू वाटेल ते पण लिही.

सर्वेश


बोरिवली
२२ नोव्हेंबर २०२४

सर्वेश,

गोळी पोटात जात नाही. वाटून आमटीत घातली, त्यांना कडू लागली, ताट सरकवलं. आता मी वाढलेलं हुंगून जेवतात. परवा जिना चढताना मधेच बसले, घामाने शर्ट भिजला होता. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर मी जबाबदार नाही.

आई फोनवर काय करायची विचारलंस. काय करणार, गोळ्या फोडायची. तो गेम नाही का, रंगीत गोळ्या ओळीत लावल्या की फुटतात. बाबांना पण तिनेच नादाला लावलं होतं. दुपारी दोघं आपापला फोन घेऊन समोरासमोर, आणि ही त्यांना शिकवणार. जीव संपले की गेम अर्धा तास थांबायला सांगतो, तेवढा धीर तिला कुठला. तिने युक्ती शोधली होती. फोनची तारीख एक दिवस पुढे ढकलायची, की गेमला वाटतं दिवस गेला आणि तो नवे जीव देतो. तारीख परत मागे आणली तर गेम रुसतो, म्हणून ती मागे कधी आणायचीच नाही. ढकलतच राहायची. मग व्हॉट्सॲप कटकट करायचं, तारीख चुकीची आहे म्हणून चालायचंच नाही. तुझं ॲप बिचारं काही बोलायचं नाही, म्हणून ती तुझ्याकडे राहिली. हे खरं कारण, उगाच छाती फुगवू नकोस.

तिचा फोन काल चार्ज करून बघितला. तो पुढचा मे महिना दाखवतोय.

बाकी काय, दोघांची भांडणं. ही म्हणायची, "मी लिवलेलंय तुमका," ते म्हणायचे, "माका काय ईलाच नाय." त्यावरून दोन दोन दिवस अबोला.

पासवर्ड मी पण घालून बघितले. गावाचं नाव, माझं नाव, देवाचं नाव. काही उघडत नाही.

श्वेता


मुलुंड
२३ नोव्हेंबर २०२४

श्वेता,

सापडलं. तुला सापडलं खरं तर, आणि तू ते भांडणाच्या गोष्टीसारखं मधेच टाकून दिलंस.

नीट वाच. या डेटाबेसला मालक नाही, म्हणजे खरी वेळ कुठली हे सांगणाराही कोणी नाही. म्हणून प्रत्येक नोंदीवर ती लिहिणाऱ्या फोनची वेळ पडते. आणि एखादी नोंद पुढच्या तारखेची आली तर बाकीचे फोन ती नाकारत नाहीत. बाजूला ठेवतात. आपल्या घड्याळात ती तारीख उजाडली की उघडतात. मी शिकायला सुरुवात केली तेव्हाच हे वाचलं होतं आणि विसरून गेलो होतो. पुढच्या तारखेत बसून कोण लिहिणार, असं वाटलं होतं.

मावशी लिहीत होती. तिच्या फोनमध्ये नोव्हेंबर चालू होता तेव्हा आपल्याकडे जून-जुलै असेल. ती जिवंत होती, समोर बसली होती, आणि तिचा निरोप काकांच्या फोनमध्ये थांबून राहिला होता. "माका काय ईलाच नाय" हे काका खरंच बोलत होते. ती फक्त दिवस ढकलायची, वेळ तीच ठेवायची, म्हणून सगळं चहाच्या वेळेला येतं.

आणि पांढऱ्या गोळ्या म्हणजे गेममधल्या. त्या कशाच्या रांगेत बसत नाहीत, त्यांच्या मागे लागलं की जीव फुकट जातात. मी आज मुद्दाम खेळून बघितलं. मावशी काकांना गेम शिकवत होती गं.

आजच काकांना सांग. आणखी एक. लॅपटॉपवर थांबलेल्या नोंदी मला इथून दिसतात. दोन शिल्लक आहेत. एक पुढच्या रविवारची. मग बरेच दिवस काही नाही, आणि शेवटची फेब्रुवारीच्या अखेरीची. आत काय लिहिलंय ते मला दिसत नाही, दोघांचं खासगी आहे, ते फक्त काकांच्या खात्यात उघडणार. मला दिसतात त्या नुसत्या तारखा.

सर्वेश


बोरिवली
२ डिसेंबर २०२४

सर्वेश,

सांगितलं. तू लिहिलंस तसं सगळं, जीव, तारीख, पांढऱ्या गोळ्या. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तारखेचा समाजला माका. पण लिवला तिनाच ना?" मी म्हटलं, हो. "मग झाला तर."

काल रविवार. निरोप येणार हे माहीत होतं, म्हणून मी घरीच होते. पण साबण संपला म्हणून खाली गेले, आणि तेवढ्यात तो आला. वर आले तर दार उघडं, बाबा नाहीत, आईची सुक्या मासळीची कापडी पिशवी खुंटीवर नाही. फोन टेबलावर.

"मी पलीकडे आसंय. होडी लागली काय येवा. उशीर करू नकात."

ती पिशवी घेऊन आई गोराईलाच जायची. रिक्षा करून गोराई जेट्टीवर गेले. ऊन होतं, गर्दी होती, तिकीटवाला म्हणाला, पांढऱ्या शर्टातले आजोबा मघाच्या होडीने गेले. मी पुढच्या होडीने गेले. खाडी एवढीशी, पण ती होडी काही केल्या पुढे जाईना असं वाटत होतं.

पलीकडे धक्क्यावर बसलेले होते. ओठ निळसर, धाप लागलेली. मला बघून म्हणाले, "ती नाय. फुडल्या फेरीक येयत."

मग मला आठवलं. जुलै महिन्यात असेल, आई गोराईला तिच्या फिलोमिनाबाईकडे बोंबील आणायला गेली होती आणि संध्याकाळी फणफणत आली. "बोलावलंय तरी इलात नाय. धक्क्यावर बसान बसान कटाळलंय." तेच बोलावणं हे. मी बाबांना सांगितलं, हे जुनं आहे. ते म्हणाले, "जुनाच. तेवा ती थांबलेली, मी गेलंय नाय. आता तरी जावक नको?"

त्यांनी परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती. दुसऱ्यावर मी आले. ते त्यांना आवडलं नाही.

गोळीचं विचारलं तर म्हणतात, शेवटचा निरोप येऊ दे, त्यात ती सांगेल तसं करीन. सर्वेश, फेब्रुवारीपर्यंत ते राहणार नाहीत. आणि त्यात परत 'येवा' असेल तर? तिच्या नावाने एक ओळ टाकता येणार नाही का, "गोळ्या घ्या" एवढीच? पाप लागलं तर माझ्या डोक्यावर.

श्वेता


मुलुंड
३ डिसेंबर २०२४

श्वेता,

येत असतं तर काल रात्रीच टाकली असती, तुला न विचारता. नाही येत. तिच्या सहीशिवाय काकांचा फोन एक अक्षर घेणार नाही. घर मी बांधलं आणि मलाच किल्ली नाही. कोणीही दुसऱ्याच्या नावाने लिहू शकत नाही, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरायचो.

पण एक करता येईल. काकांच्या फोनची तारीख पुढे ढकल. फेब्रुवारीच्या पुढे ने. फोनला वाटेल दिवस उजाडला, आणि तो शेवटचा निरोप उघडेल. मावशी जीव मिळवायला करायची तेच.

आत काय असेल ते मला माहीत नाही. 'येवा' असेल तर निदान आपण जवळ असू. मला पण भीती वाटते, ती लपवत नाही.

सर्वेश


बोरिवली
९ डिसेंबर २०२४

सर्वेश,

चोरून करणं मला जमलं नाही, म्हणून त्यांना विचारलं. बाबांनी फोन बनियनच्या आत घातला. म्हणाले, "ता उघडला की संपला."

त्यांना निरोपात काय आहे त्याची भीती नाहीच. नंतर घंटा वाजणार नाही, त्याची आहे. रोज चार वाजता कपबशी घेऊन फोनसमोर बसतात. काही येणार नाही हे माहीत असून बसतात. आणि खरं सांगू, मी पण हातातलं काम टाकून थांबते.

श्वेता


बोरिवली
१९ जानेवारी २०२५

सर्वेश,

तू हॉस्पिटलात आलास तेव्हा बाबा शुद्धीत नव्हते, आणि बाहेर सगळे होते, म्हणून बोलले नाही. आता लिहिते.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. नर्स पांढरी गोळी घेऊन उभी, हे तोंड उघडेनात. डॉक्टर माझ्यावर ओरडले. सगळे गेल्यावर बाबांनी उशीखालून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "ढकल तारीख."

मी म्हटलं, नक्की? ते म्हणाले, "माका दिसाक होया, कशी ढकलतत ती." मग त्यांच्या डोळ्यांसमोर धरून मी एकेक दाबत गेले. फोनमध्ये मार्च आणला. वॉर्डात जेवणाची ट्रॉली फिरत होती, आणि त्या सगळ्या गडबडीत देवळातली घंटा वाजली. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईने हात जोडले.

जसा आहे तसा उतरवते. आई पत्र लिहायला बसली की शाळेतलं मराठी काढायची, तू हसायचास तिला. हे सगळं तसल्या मराठीत आहे. म्हणजे तिने बसून, विचार करून लिहिलंय.

"अहो, हे मी मुद्दाम पुढची तारीख घालून लिहिते आहे. माझे निरोप तुम्हाला उशिरा पोचतात हे मला केव्हाच कळले होते. भांडणात माघार नको म्हणून सांगितले नाही. डॉक्टरांनी श्वेताला बाहेर नेऊन काय सांगितले तेही मला कळले आहे, तिला कळू देऊ नका. खेळात जीव संपले की मी तारीख ढकलून नवे घेते. खऱ्यात तसे मिळत नाहीत. हे पोचेल तेव्हा माझे संपलेले असतील. तुमचे शिल्लक आहेत. जपून वापरा. आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नका. मी बोलावणार नाही."

वाचून झाल्यावर बाबांनी फोन छातीवर ठेवला. मग मला म्हणाले, "पाणी दी." आणि नर्सच्या ट्रेमधली पांढरी गोळी स्वतः उचलून घेतली.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले. डॉक्टर मला बाहेर नेऊन सांगत होते तेव्हा ती झोपलेली आहे असं मी धरून चालले होते. शेवटपर्यंत तिच्यासमोर मी हसत राहिले आणि ती माझ्यासमोर.

श्वेता


मुलुंड
२७ फेब्रुवारी २०२५

श्वेता,

काका बरे आहेत, जिना चढतात, गोळ्या घेतात, हे वाचून किती बरं वाटलं ते तुला सांगता येणार नाही. पुढच्या गुरुवारी येतो तिकडे, बोंबील कर.

एक गोष्ट सांगू की नको, या विचारात आठवडा गेला. तुमचा माळ्यावरचा लॅपटॉप आता बंदच करावा म्हणून मी त्याच्यावर एकदा नजर टाकली. मावशीचं काही शिल्लक नाही. पण थांबलेल्या नोंदी आहेत. नव्या. काकांच्या खात्यातून, काकांच्या सहीने. रोज दुपारी एखादी वाढते.

त्या तुझ्या नावावर आहेत.

आत काय आहे ते मला दिसत नाही. तारखा दिसतात.

सर्वेश


बोरिवली
३ मार्च २०२५

सर्वेश,

मला माहीत आहे. म्हणजे आता कळलं, पण वाटत होतंच. बाबांच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही हल्ली, तारीख चुकीची आहे म्हणून रडतं. मी दुरुस्त करायला घेतला तर म्हणाले, "ऱ्हवांदे." चहा झाला की चष्मा लावून बसतात, एका बोटाने लिहितात, मी जवळ गेले की फोन उलटा ठेवतात. आई ओट्यापाशी करायची तसंच.

मी काही विचारत नाही त्यांना. विसरलेलं माझं खातं परत उघडलं तेवढं. पासवर्ड आठवला, नशीब. फोनचा आवाज मोठा करून ठेवलाय. चार वाजले की छातीत धडधडतं, आणि काही आलं नाही की मला इतकं बरं वाटतं, की बाबांच्या कपात मी अजून थोडा चहा ओतते.

लॅपटॉप बंद करू नकोस. आणि तारखा मला सांगू नकोस. एकही नको. फक्त एवढं सांग, खूप लांबच्या आहेत ना? हो म्हण, मी परत विचारणार नाही.

श्वेता


मुलुंड
३ मार्च २०२५

श्वेता,

हो. खूप लांबच्या आहेत. निवांत राहा.

सर्वेश

ता.क. गुरुवारी येतो म्हणालो होतो, पण उद्याच सकाळी येतो. सुट्टी टाकली आहे. काकांना घेऊन आपण तिघं गोराईला जाऊन येऊ, होडीने. आणि पतपेढीत सांगून ठेव, या आठवड्यात तू पण कामावर येत नाहीस म्हणून.